दक्षिणेची परतफेड

रात्रीची वेळ होती. निफाडहून कोल्हापूरकडे निघालेली एक बैलगाडी खाचखळग्यांतून हेलकावे खात चालली होती. आत बायकामुले पेंगुळलेली. अशाच एका हिसक्यासरशी अडीच वर्षांचा एक मुलगा गाडीतून खाली पडला आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. गाडी पुढे निघून गेली. काळोखात वाटेवर तो मुलगा एकटाच राहिला. सुदैवाने मागून त्याचे काका घोड्यावरून येत होते. टापांचा आवाज ऐकून मुलाने हाक मारली, काकांनी आवाज ओळखला, त्याला उचलून घेतले आणि पुढे जाऊन आईच्या स्वाधीन केले.

तो मुलगा म्हणजे महादेव गोविंद रानडे. आपण त्यांना न्यायमूर्ती रानडे म्हणतो आणि त्यांचे नाव निघाले की पुणे आठवते. सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, मुलींची हुजूरपागा शाळा, हे सारे पुण्याचे. पण त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले आणि न्यायाधीश म्हणून ते पहिल्यांदा बसले तेही याच गावात, १८६७ साली. हे कोल्हापूरकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

मला हे सारे आठवायला एक निमित्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात आले. १७ तारखेला उद्घाटन झाले आणि १८ तारखेपासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज येथे सुरू झाले. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीच्या काळात एका जुन्या कर्जप्रकरणाच्या फायली घेऊन मी कितीदा तरी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आहे. एकदा त्याच डब्यात आमच्या विरुद्ध बाजूचा शेतकरी भेटला. राधानगरीकडचा. माझा खर्च बँक देणार होती, त्याचा तोच करणार होता. त्याने फडके सोडले आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. कागदावर आम्ही वादी-प्रतिवादी होतो, पण न्यायाच्या दारापर्यंत पोहोचायला दोघांनाही एक रात्र लागत होती. ती भाकरी खाताना मला पहिल्यांदा वाटले, की न्यायालाही भाडे पडते आणि ते कुणीतरी भरावे लागते.

रानड्यांचे सारे आयुष्य या प्रश्नाभोवती फिरलेले दिसते.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२चा, निफाडचा. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत आले आणि बिऱ्हाड येथे आले. मुलगा अंगाने थोराड, अबोल, जरासा मंदच वाटावा असा. आई गोपिकाबाईंना त्याची काळजी वाटे. त्याच्या लहानपणची बर्फीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असेल. आईने बर्फीचे दोन तुकडे हातावर ठेवले, एक मोठा आणि एक लहान. एक स्वतः खा, एक गड्याच्या मुलाला दे, म्हणून सांगितले. महादेवाने मोठा तुकडा त्या मुलाला देऊन टाकला. आई विचारू लागली तर त्याला प्रश्नच कळेना. अशा गोष्टी थोरामोठ्यांच्या नावावर नंतर चिकटतात, हे मला ठाऊक आहे. पण मोठा तुकडा कुणाकडे जातो, हाच हिशेब हा माणूस पुढे आयुष्यभर तपासत बसला, म्हणून ती गोष्ट येथे सांगितली.

कोल्हापुरात मराठी शाळा आणि मग इंग्रजी शाळा झाली. पुढच्या शिक्षणाची सोय येथे नव्हती. १८५६च्या सुमारास चौदा वर्षांचा हा मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. तेव्हा घाटावरून मुंबईपर्यंत आगगाडी नव्हती आणि कोल्हापूरला तर ती १८९१ साली आली. मुंबईत विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाने पहिले चार पदवीधर दिले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. वाचून वाचून डोळे अधू झाले, ते कायमचेच.

आता बँकवाल्याचा स्वाभाविक प्रश्न. हा खर्च कुणी केला?

काही भार शिष्यवृत्त्यांनी उचलला. त्यांत महत्त्वाची होती ती दक्षिणा फेलोशिप. तिची हकीकत मोठी रंजक आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सुरू केली. दाभाड्यांचा पाडाव झाल्यावर ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. श्रावणात पुण्यात पर्वतीच्या रमण्यात देशभरचे ब्राह्मण जमत आणि लाखांनी रुपये वाटले जात. १८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही, ती कमी केली. तिच्यातल्या काही रकमेतून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि पुढे उरलेल्या रकमेतून कॉलेजांत फेलो नेमण्याची पद्धत आली. फेलोने स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचेही.

म्हणजे ज्या पैशातून एकेकाळी शालजोडी आणि रोकड मिळे, त्याच पैशातून आता पदवीधर तयार होऊ लागले. कायद्याच्या शिक्षणाचेही तसेच. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गौरवासाठी मुंबईकरांनी वर्गणी जमवली. तो पैसा कायद्याच्या अध्यापनासाठी लागला आणि १८५५ साली एल्फिन्स्टनमध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. बॅरिस्टर व्हायचे तर विलायतेला जावे लागे आणि तो खर्च गडगंज घरांनाच झेपे. रानडे विलायतेला कधीच गेले नाहीत. ते इथल्याच पैशावर, इथेच कायदा शिकले.

पण देणाऱ्याचा हात वर असतो, हेही त्यांनी तेव्हाच अनुभवले. विद्यार्थिदशेत एका निबंधात त्यांनी मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यात उणेपणा दाखवला. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा हा आवडता विद्यार्थी. तरीही त्यांनी बोलावून समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली, असे चरित्रकार सांगतात. रानड्यांनी मनात अढी धरली नाही, ग्रँटसाहेबांविषयी ते पुढेही आदरानेच बोलत. मतही मात्र बदलले नाही. म्हातारपणी त्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, त्याचे बीज बहुधा त्या निबंधात असावे.

आता कोल्हापूर. १८६७ सालचा आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूर संस्थान, त्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिऱ्या, शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने आणि सभोवार सातारा, बेळगाव, रत्नागिरीचा इंग्रजी मुलूख. आज एसटीने आपण तासाभरात ज्या हद्दी ओलांडतो, त्या तेव्हा खऱ्याखुऱ्या हद्दी होत्या. कर्ज बुडवून किंवा गुन्हा करून माणूस नदीपलीकडे गेला, की इकडच्या न्यायाधीशाचा हात तोकडा पडे. आरोपी परत मागायचा तर पोलिटिकल एजंटामार्फत लिखापढी करावी लागे. संस्थानच्या न्यायालयाचा निकाल इंग्रजी हद्दीत परकीय न्यायालयाचा निकाल गणला जाई आणि त्याची बजावणी सरळ होत नसे. दोन गावांत एकच भाषा, एकच बाजार, सोयरिकीही एकमेकांत; पण न्यायाच्या बाबतीत ती एकमेकांना परदेश.

अशा ठिकाणी विश्वास निर्माण व्हायचा तर दोन्हीकडे कायदा सारखाच समजणारी माणसे हवीत. संस्थानांकडे तशी शिकलेली माणसे नव्हती. इंग्रज सरकारकडे नुकतीच होऊ लागली होती. म्हणून सरकार ती संस्थानांना देऊ लागले. यात सरकारचा स्वार्थही होताच, संस्थानांवर नजर राहत होती. रानडे आधी अक्कलकोटला कारभारी म्हणून गेले आणि मग कोल्हापूरला न्यायाधीश म्हणून आले. गादीवर तरुण राजाराम महाराज होते. १८६२च्या तहाने दरबारला अधिकार परत मिळाले असले, तरी त्यांवर एजन्सीची देखरेख होतीच.

पंचवीस वर्षांचा मुलगा न्यायाधीश होऊन ज्या गावात परत आला, त्याच गावात वडील संस्थानचे नोकर. गावभर ओळखी, घरी माणसांचा राबता. त्या दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. एका नातलगाचा दावा रानड्यांपुढे चालू होता. तो कागदपत्रे घेऊन घरी आला आणि गोविंदरावांच्या पाठीमागे लागला. गोविंदरावांना भीड पडली. त्यांनी मुलाला सांगून पाहिले, की याचे म्हणणे जरा ऐकून तर घे. महादेवराव वडिलांपुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले, की न्यायालयातले कागद घरी पाहायचे असतील तर मला येथून बदली मागावी लागेल. गोविंदरावांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

बँकेत शाखाधिकारी म्हणून आपल्याच तालुक्यात काम केलेल्या कुणालाही या प्रसंगाचे वजन कळेल. परक्याला नाही म्हणणे सोपे असते. दिवाणखान्यात चहा घेत बसलेल्या आत्याच्या दिरांना नाही म्हणायला छाती लागते. कायद्याची परीक्षा विद्यापीठ घेते. ही दुसरी परीक्षा घरातच होते आणि तिचा निकाल कुठे छापून येत नाही.

रानडे कोल्हापुरात फार दिवस राहिले नाहीत. १८६८ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक म्हणून परतले. १८७१ साली ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेव्हा त्यांना हायकोर्टात वकिली करून मोठा पैसा मिळवता आला असता. त्यांनी पुण्यात सबजज्जाची नोकरी पत्करली.

वडिलांपुढे न्यायालयाच्या बाबतीत ताठ राहिलेला हा माणूस घरच्या बाबतीत मात्र नमला. १८७३ साली पहिली पत्नी सखूबाई वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी आता विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी त्यांचे लग्न घाईने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लावून दिले आणि रानड्यांनी ते मान्य केले. लोकांनी त्यांना बोल लावला, तो रास्तच होता. त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकवले, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकवले, आणि त्या रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभे केले. म्हणून १८७३चा तो दुबळेपणा पुसला जात नाही. पण तो लपवून रानडे मोठे करण्याचीही गरज नाही.

सरकारचाही त्यांच्यावर पूर्ण भरवसा नव्हता. सार्वजनिक सभेच्या कामामुळे ते डोळ्यांवर आले होते. आधी नाशिक, मग १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत धुळे, अशा बदल्या झाल्या. धुळ्यात तर त्यांची पत्रे फोडून वाचली जात. संशय फिटल्यावर त्यांना वरच्या जागा मिळत गेल्या.

त्या जागांपैकी मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याखालची. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी नवा कायदा केला. त्याने न्यायाधीशाला एक विलक्षण अधिकार दिला. कुणब्याने अंगठा उठवलेला रोखा समोर आला, की तो खरा आहे एवढ्यावर भागत नसे. मुळात किती रुपये हातात पडले, व्याज किती आकारले, व्याजावर व्याज चढवून नवा रोखा कधी लिहून घेतला, हा सारा पूर्वेतिहास न्यायाधीशाने उकलून पाहायचा आणि मग वाजवी रक्कम हप्त्यांनी ठरवून द्यायची. कर्जापायी कैद बंद झाली.

या कायद्याची अंमलबजावणी नीट होते की नाही, हे पाहायला खास न्यायाधीश नेमला होता. आधी डॉ. पोलन, त्यांच्या हाताखाली १८८१पासून रानडे आणि १८८७ साली त्या जागेवर रानडे स्वतः. हे काम फिरतीचे. तालुक्यातालुक्यांत जाऊन सबजज्जांची दप्तरे तपासायची. रमाबाईही बरोबर असत. कधी तंबूत, कधी धर्मशाळेत मुक्काम. अधू डोळ्यांचा हा न्यायाधीश दिव्याच्या उजेडात कुणब्यांची कर्जखाती वाचत बसे. सोलापूर आणि साताऱ्याच्या ज्या माणसांना आज कोल्हापूरचे खंडपीठ जवळ वाटते, त्यांच्या पणजोबांच्या तालुक्यापर्यंत तेव्हा न्यायाधीश स्वतः जात होता.

पण रानड्यांना हेही दिसत होते, की सावकाराला आवर घातला तरी शेतकऱ्याला बियाण्यासाठी पैसा कुठून तरी लागणारच. म्हणून त्यांनी प्रशियातल्या जमीन-कर्ज संस्थांचा अभ्यास करून लिहिले. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे आणली, तिला रानड्यांचा पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले, पण लंडनहून नकार आला. ती बँक झाली असती, तर सहकारी पतपेढ्यांच्या १९०४च्या कायद्याआधी वीसेक वर्षे आपल्याकडे शेतकऱ्याच्या दारात संस्थेचे कर्ज आले असते. शेतकी कर्जाच्या फायलींत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या नकाराची हळहळ आजही वाटते.

१८९३ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

आता हिशेब मांडू. दक्षिणा फंडाने एका मुलाच्या शिक्षणावर जो पैसा खर्च केला, तो कुठल्याही वहीत परत जमा झालेला दिसणार नाही. पण अक्कलकोट, कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे आणि चार जिल्ह्यांतले कुणबी यांच्या खात्यावर तो व्याजासह पोहोचला आहे.

या हिशेबात एक बाकी मात्र राहते, ती मांडल्याशिवाय ताळेबंद खरा होणार नाही. ती दक्षिणा मूळ ब्राह्मणांची होती आणि तिच्यावर शिकून वर आलेले बहुतेक त्याच घरांतले होते. राधानगरीच्या शेतकऱ्याच्या पणजोबाला ती कुणी देऊ केली नव्हती. महाराच्या मुलाचा तर प्रश्नच नव्हता. ही बाकी फेडायला कोल्हापूरच पुढे आले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१पासून येथे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. बडोद्याच्या सयाजीरावांनी परदेशी पाठवलेले भीमराव आंबेडकर १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना मदत केली. अर्थशास्त्राबरोबरच ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचे शिक्षणही तेथे पुरे व्हायचे होते. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. बॅरिस्टर आंबेडकर मुंबईत वकिली करताना त्यांना पाहता आले नाहीत.

आणि योगायोग असा, की १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१व्या जयंतीला, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये रानड्यांवर व्याख्यान द्यायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. समाज सुधारल्यावाचून राजकीय हक्कांना अर्थ नाही, हा रानड्यांचा आग्रह त्यांनी त्या दिवशी मोठ्या मोलाचा मानला. दक्षिणा फंडावर शिकलेला एक न्यायाधीश आणि दोन संस्थानांच्या मदतीने शिकलेला एक बॅरिस्टर. एकाचे काम दुसऱ्याने तपासले आणि ते खरे उतरले.

कोल्हापूर संस्थानचे पुढे स्वतःचे हायकोर्ट होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, हद्दी पुसल्या गेल्या आणि वरच्या न्यायाची वाट मुंबईकडे वळली. ती पुन्हा इकडे वळायला शहात्तर वर्षे गेली. आता गगनबावड्याची एखादी बाई सकाळच्या एसटीने येऊन, वकिलाला भेटून संध्याकाळी चुलीपाशी परत पोहोचू शकते. तिचे भाडे कमी झाले, ही लहान गोष्ट नाही.

पण इमारतीत बसणारी माणसे इमारतीबरोबर मिळत नाहीत. १९३३पासून येथे कायद्याचे कॉलेज आहे, आज आणखीही आहेत. त्यांत भुदरगड-शाहूवाडीकडच्या मुली येतात, उसाच्या बिलावर फी भरतात आणि अभ्यासाच्या ऐन दिवसांत एखादी गळते. तिच्यासाठी आजची दक्षिणा कोण काढून ठेवणार, हे आपण ठरवायचे आहे. गाडी पुढे निघून गेली आणि मूल मागे राहिले, असे होऊ नये. मागून घोड्यावर येणारा काका प्रत्येकाच्या नशिबी असतोच असे नाही.